सावली धरून अहमदाबाद

आम्हा पाचजणींच्या रजा जुळतात त्या फक्त मे महिन्यात. एक शाळेत शिकवते, तिला दुसरा इलाजच नाही. एक बँकेत आहे, मार्चअखेरची आवराआवर झाल्याशिवाय तिला रजेचं नाव काढता येत नाही. बाकी दोघींच्या मुलांच्या परीक्षा एप्रिल संपेपर्यंत चालतात. मग दरवर्षी थंड हवेचं ठिकाण ठरतं आणि सगळा महाराष्ट्र त्याच घाटात गाड्या घेऊन उभा असतो. यंदा सगळ्यांना शहर पाहायचं होतं. जुनी घरं, बाजार, रात्रीचं खाणं, आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला एखादी नदी.

अहमदाबादचं नाव मी काढलं. काही वर्षांपूर्वी मी डिसेंबरात तिथल्या एका पोळीत, म्हणजे जुन्या बंदिस्त वस्तीत, एक लाकडी घर पाहिलं होतं. घरच्या आजी म्हणाल्या होत्या, बेन, हिवाळ्यात या घराची अर्धीच गोष्ट कळते, उरलेली ऐकायला उन्हाळ्यात या. ते वाक्य माझ्या मनात घर करून होतं. मैत्रिणींना सांगितलं तेव्हा घरोघरी एकच उद्गार निघाला: मे महिन्यात अहमदाबाद? वेड लागलंय का?

शंका रास्त होती. २०१६ च्या मे महिन्यात या शहरात पारा ४८ अंशांवर गेला होता. म्हणून आम्ही यादी करायच्या आधी वेळा ठरवल्या. मोठ्या कागदावर दिवसाचे तास मांडले आणि प्रत्येक तासासमोर लिहिलं, ऊन कुठे असेल, आपण कुठे असू. सकाळी सहा ते साडेनऊ पायी हिंडायचं. दहा ते बारा जाड भिंतींच्या आत किंवा जमिनीखाली. साडेबारा ते पाच खोलीत, पडदे ओढून. साडेपाचनंतर नदीकडे, आणि नऊनंतर बाजारात. या चौकटीत दिवसाला दोनच ठिकाणं बसतात, तिसरं घुसवायचं नाही, असं पाचहीजणींनी कबूल केलं. चार दिवस, तीन रात्री, म्हणजे सात-आठ ठिकाणं. उन्हाळ्यात तेवढी पुष्कळ झाली.

तयारीतल्या दोन-तीन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि सुट्टीतल्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात, त्यामुळे तारखा मार्चमध्येच पक्क्या हव्यात. आम्ही जाताना रात्रीची गुजरात मेल घेतली, बोरिवलीला चढलो, आणि येताना वंदे भारत. अहमदाबाद परिसरात साबरमती, मणिनगर अशी आणखीही स्थानकं आहेत, तेव्हा आपली गाडी नेमकी कुठे थांबते ते तिकीट काढतानाच पाहावं. रात्रीच्या गाडीनं पहाटे पोचणाऱ्यांची खरी अडचण असते ती खोलीची. हॉटेलची खोली साधारण बाराला हाती येते आणि आपण सहाला सामान घेऊन दारात उभ्या. अर्ध्या दिवसाचे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण खोली सकाळीच मिळेल हे फोनवर पक्कं करून घ्यावं. आणि वरचा मजला घेऊ नये. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खाली सोडतो, मग वातानुकूलन चालू असूनही भिंती गरमच लागतात. आम्ही लाल दरवाज्याजवळ मधल्या मजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. तिथून जुनं शहर आणि नदी दोन्ही जवळ. कॉन्ट्री आधीच काढली, प्रत्येकी सहा हजार, आणि पाकीट बँकवालीकडे दिलं. रिक्षा, चहा, सरबत सगळं त्यातून. चार दिवसांत पैशांवरून एकदाही बोलणं झालं नाही. गुजरातेत दारूबंदी आहे आणि परवान्याचे नियम कडक आहेत, हेही मोठ्या गटानं जाणाऱ्यांनी आधीच ध्यानात घेतलेलं बरं.

पहिल्या सकाळी आंघोळी करून साबरमती आश्रमात गेलो. गांधीजी १९१५ मध्ये आधी कोचरबला राहिले आणि १९१७ मध्ये नदीकाठच्या या जागी आले. १२ मार्च १९३० ला ७८ साथीदारांसह दांडीला निघाले तेही इथूनच. आश्रम परिसरात सध्या मोठं काम चालू आहे, काय उघडं आहे ते विचारून जावं. हृदयकुंज या गांधीजींच्या घराजवळ विनोबांची छोटी कुटी आहे. आमच्यातली एक गाणं शिकते, ती तिथे पंडित नारायण मोरेश्वर खरे यांच्याविषयी सांगू लागली. विष्णु दिगंबर पलुस्करांचे हे शिष्य आश्रमात राहून प्रार्थनेचं संगीत सांभाळत, आश्रम-भजनावली त्यांनी सिद्ध केली, आणि दांडीच्या ७८ जणांत तेही होते. मराठी माणसाला या नदीकाठी परकं वाटत नाही ते उगीच नाही. काका कालेलकर याच आश्रमातले. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांची वकिलीही याच शहरातली.

आश्रमातलं संग्रहालय चार्ल्स कोरिया यांनी बांधलं, १९६३ मध्ये. कौलारू छपरांचे सारख्या मापाचे चौक, काही मिटलेले, काही नुसते खांबांवर उघडे, मधे पाण्याचं छोटं कुंड. उघड्या भागात फरशीवर बसलं की नदीवरून येणारा वारा कौलांखालून अंगावर येतो. आम्ही तिथे तासभर बसलो.

त्याच दुपारी एक धडा मिळाला. खोलीवर आल्यावर शिक्षिका मैत्रीण गप्प झाली. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, पायात गोळे येत होते. मी बाटली पाहिली तर सकाळपासून चार घोटसुद्धा कमी झाले नव्हते. कारण विचारलं तेव्हा तिनं मान खाली घालून सांगितलं, बाहेर बाथरूमची पंचाईत नको म्हणून पीत नाही, शाळेच्या सहलीतली सवय आहे. आम्ही बाकीच्या एकमेकींकडे पाहत राहिलो, कारण ही सवय आम्हा सगळ्यांचीच. प्रवासात बायका तहान मारतात आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. थंडीत ते खपतं, त्रेचाळीस अंशांत जिवावर बेतू शकतं. तिला ओआरएस दिलं, ओल्या पंच्यानं हातपाय पुसले, आणि संध्याकाळपर्यंत ती सावरली. मग कागद पुन्हा काढला आणि प्रत्येक टप्प्यापुढे स्वच्छतागृह कुठे आहे ते लिहिलं. मेट्रो स्थानक, संग्रहालय, बसून जेवण्याचं हॉटेल. उन्हाळ्यातल्या सहलीच्या नकाशावर ही खूण सगळ्यात आधी हवी. त्यानंतर बाटल्या भरल्या जात होत्या आणि रिकाम्याही होत होत्या. सोबत सावंतवाडीहून आणलेलं कोकमाचं आगळ होतं, चिमूटभर मीठ-साखर घालून त्याचं सरबत दिवसातून दोनदा सक्तीचं केलं.

उन्हाकडे इतक्या गांभीर्यानं पाहायला हे शहर स्वतःच शिकलेलं आहे, आणि फार मोठी किंमत देऊन. मे २०१० च्या लाटेत इथे पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाले, असं पुढे अभ्यासकांनी मोजून दाखवलं. त्यानंतर २०१३ मध्ये महापालिकेनं उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. उद्या किती तापणार यावरून पिवळा, केशरी, लाल असे इशारे द्यायचे, ४५ अंश किंवा वर जाणार असेल तर लाल. दवाखाने आधी सावध करायचे, पाण्याची सोय वाढवायची, झोपडवस्तीतल्या पत्र्यांना पांढरा रंग द्यायचा. आमच्या दुसऱ्या दिवशी केशरी इशारा होता. सकाळचं वर्तमानपत्र पाहून आम्ही दहाचं ठिकाण रद्द केलं आणि कोणालाही चुकल्यासारखं वाटलं नाही.

त्या दिवशी पहाटेच जुन्या शहरात चालायला गेलो. महापालिकेची हेरिटेज वॉक १९९७ पासून चालू आहे. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून पोळीपोळीतून जामा मशिदीशी संपते, अडीचेक तास लागतात. हे शहर अहमदशाहनं १४११ मध्ये वसवलं आणि २०१७ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा शहर म्हटलं, भारतातलं पहिलं. तो मान कोणत्या एका इमारतीचा नाही, तो या गल्ल्यांचा आहे हे चालताना कळतं.

पोळीला एक वेस असते, रात्री बंद होणारी. आत शिरलं की गल्ली चिंचोळी होते आणि दोन्ही बाजूंची लाकडी घरं वरच्या मजल्यांनी पुढे झुकतात. साडेआठ वाजले होते, बाहेर हमरस्त्यावर ऊन चटके देत होतं, आणि इथे जमिनीवर उन्हाची एक बारीक पट्टी होती. गल्ल्या सरळ नाहीत, दर थोड्या अंतरावर वळतात, त्यामुळे तापलेला झोत आत शिरतच नाही. चौकाचौकात कोरीव खांबावर पाखरांसाठी चबुतरा. एका चबुतऱ्याखाली मातीच्या पसरट थाळीत पाणी होतं आणि तिच्या काठावर पोपटांची रांग. हाजा पटेलनी पोळमध्ये काळ्या रामजीचं मंदिर लागलं. नाशिकचा काळाराम पाहत वाढलेल्या मैत्रिणीचे हात आपोआप जुळले. पुढे रायखडच्या बाजूला गायकवाड हवेली आहे. १७५३ मध्ये रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी हे शहर घेतलं, मधे ते दोन वर्षं हातचं गेलं, पण १७५८ पासून इंग्रज येईपर्यंत पेशवे आणि गायकवाड इथला कारभार वाटून पाहत होते.

त्या आजींचं घर मला नीट आठवत नव्हतं. आमच्या वाटाड्यानं दुसरंच एक ओळखीचं घर उघडून दाखवलं, आणि माझं काम झालं. ओट्यावर पासष्टीच्या बा शेंगा निवडत बसल्या होत्या. आवो बेन, अंदर ठंडक छे, म्हणाल्या. ओटा, मग एक अंधारी खोली, आणि मग एकदम आभाळाचा चौकोन. घराच्या पोटात उघडा चौक. बाजूच्या सगळ्या खोल्यांची तोंडं चौकाकडे, रस्त्याकडे फक्त दार. रात्री चौकातून गारवा खाली उतरतो आणि फरशीत, भिंतींत मुरतो, दिवसा गरम हवा त्याच वाटेनं वर निघून जाते. फरशी आमच्या अनवाणी तळव्यांना गार लागत होती.

चौकाच्या कोपऱ्यात पितळी झाकण होतं, ताटाएवढं. बांनी ते सरकवलं. खाली काळोख, आणि त्यात बऱ्याच खोलवर पाण्याची चकाकी. हा टांका. घराखाली दगडाची पोकळी, आतून चुन्यानं लिंपलेली. छपरावरचं पावसाचं पाणी नळीनं इथे येतं. पहिल्या एक-दोन सरी छप्पर धुवायला सोडून द्यायच्या, मग नळीचं तोंड टांक्याकडे वळवायचं. उजेड लागत नाही म्हणून पाणी नासत नाही, वर्षभर पिण्याला पुरतं. बांनी दोरीला बांधलेला तांब्याचा लोटा सोडला. दोरी बराच वेळ सरसरत राहिली, मग बुडबुड आवाज. गेल्या आषाढातलं पाणी मे महिन्यात आमच्या ओंजळीत आलं, गार, आणि कुठलीच चव नसलेलं. गोडं पाणी म्हणतात ते हेच. शिक्षिका मैत्रिणीनं तीन ओंजळी घेतल्या. बा म्हणाल्या, आता बऱ्याच घरांतले टांके बुजलेत, नळ आले म्हणून. आमचा मुलगाही बुजवायचा म्हणत होता, मी नाही बुजवू दिला.

तिथून निघताना मला वाटलं, आपण कागदावर तासांचे चौकोन आखले ते या घरानं कधीच आखून ठेवले आहेत. सकाळ ओट्यावर, दुपार आतल्या खोलीत, रात्र गच्चीवर. आपण फक्त त्यात बसायचं होतं.

दुपारी थाळी. मे महिना म्हटला की केसर आंबा, आणि आंबा म्हटला की रस-पुरी. गुजराती रस आपल्यापेक्षा पातळ, त्यावर सुंठीची चिमूट आणि तूप. आमच्या कोकणातल्या मैत्रिणीला हापूसचा अभिमान, तिनं पहिली वाटी तपासल्यासारखी खाल्ली आणि दुसरी मागून घेतली. आंब्याच्या रसाची कढीही इथेच पहिल्यांदा चाखली, तिला फजेतो म्हणतात. भरीला ताकाचे पेले, मागाल तेवढे. जेवून चार तास झोपणं हा आळस नव्हता, तो कार्यक्रमाचा भाग होता.

संध्याकाळी सिदी सय्यदची मशीद, खोलीपासून पाच मिनिटांवर. १५७३ च्या सुमाराची, गुजरातची सल्तनत संपता संपता बांधलेली. मागच्या, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीत दगडी जाळ्या आहेत आणि त्यांतल्या एकीत एका झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंतत कमानभर पसरल्या आहेत. चित्रात ती शंभरदा पाहिलेली असते. बाहेरच्या बाजूनं उभं राहिलं तेव्हा मावळतीचं ऊन तिच्यावर पडलं होतं आणि दगडाची जाडी दिसत होती. मावळतीचा चटका थेट आत येऊ द्यायचा नाही, पण उजेड आणि वारा चाळून घ्यायचा, हे काम ती साडेचारशे वर्षं करते आहे. तिसऱ्या दिवशी आश्रम रोडवर गिरणीमालकांच्या संघाची इमारत पाहिली. ल कॉर्बुझिए यांनी १९५४ मध्ये पूर्ण केलेली. रस्त्याची बाजू पश्चिमेची, तिथे काँक्रीटचे उभे पडदे तिरके लावले आहेत, नदीकडे पूर्वेला मात्र सरळ. फ्रान्सहून आलेल्या माणसालाही इथे आधी सूर्य कुठून येतो तेच पाहावं लागलं. ही इमारत पाहायची तर कामाच्या दिवशीच जावं. कॅलिको वस्त्रसंग्रहालयासाठी तर बरंच आधी नाव नोंदवावं लागतं, मोजक्याच लोकांना सोडतात. आम्हाला जागा मिळाली नाही. कांकरिया तलाव सोमवारी बंद असतो.

अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, मात्र कोणत्याही उन्हाळ्यात चुकवू नये, उलट उन्हाळ्यातच पाहावी. शहरापासून उत्तरेला अठरा-वीस किलोमीटर, रिक्षा किंवा गाडी ठरवून जाता येतं. आम्ही मुद्दाम अकराला पोचलो. वरून काहीच दिसत नाही. सपाट जमीन, थोडी झाडं आणि जमिनीला पडलेली एक लांब भेग. तीन बाजूंनी जिने उतरून एका चौथऱ्यावर एकत्र येतात आणि तिथून सरळ खाली, पाच मजले. पहिल्या दहा पायऱ्यांत कपाळावरचा घाम थंड होतो. वीसएक पायऱ्यांवर आवाज बदलतो, माणसं आपोआप हळू बोलू लागतात. वर उघड्या चौकटी आहेत, पण इतक्या बेतानं सोडलेल्या की पायऱ्यांवर थेट ऊन पडतं ते भर मध्यान्ही, थोडा वेळ. उजेड खांबांवरून खांबांवर आपटत, मऊ होत खाली येतो.

ही वाव १४९९ ची. वाघेला घराण्यातल्या वीरसिंहाची राणी रूडा हिचं नाव संस्कृत शिलालेखात आहे, काळ सुलतान महमूद बेगड्याचा. देवळासारखे कोरलेले खांब, वेलबुट्टीची मशिदीतली नक्षी, दोन्ही शेजारी शेजारी. पाणी खोल, पाऊस चारच महिने, तेव्हा पाणी जिथवर उतरेल तिथवर माणसानं उतरत जायचं, अशी ही रचना. उतरणाऱ्या मुख्यतः बायकाच. मजल्यामजल्याला बसायला कट्टे आहेत. एका भिंतीवर ताक घुसळणारी बाई कोरली आहे, खांदे किंचित मागे, दोरी ताणलेली. मी तिच्यापुढे बराच वेळ उभी राहिले. घागर डोक्यावर घेण्याआधी घटकाभर इथे टेकणाऱ्या बाईला समोर आपलंच रोजचं काम दगडात दिसत असेल. आम्ही पाचहीजणी कट्ट्यावर बसलो. कोणी फोन काढला नाही. बारा वाजून गेल्यावर वर आलो आणि शेवटच्या पायरीवर झळ अशी तोंडावर आली की भट्टीचं दार उघडावं.

शेवटची रात्र माणेकचौकासाठी राखली होती. दिवसा हा सराफ बाजार. रात्री सराफांची दुकानं मिटली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे बाकं लागतात, तवे तापतात, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत घरंच्या घरं इथे जेवायला येतात. ग्वालियर डोसा, लोण्यात पोहणारी पावभाजी, अननसाचं सँडविच. एकेक पदार्थ एकच मागवून पाच चमचे घ्यावेत, म्हणजे सगळं चाखून होतं. तान्ह्या मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे साडेअकराला टक्क जागे होते, कारण दुपारी सगळे झोपले होते. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी आम्हाला विचारलं, कुठून आलात. मुंबईकडून म्हटल्यावर म्हणाल्या, उन्हाळ्यात आलात ते चांगलं केलंत, आमचं शहर रात्री जागं असतं ते उन्हाळ्यातच.

बँकवालीनं पाकीट उघडून मोजलं. प्रत्येकी साडेपाचशे उरले होते. त्यातून कुल्फी घेतली. कुल्फीवाला लांबट कांडी सुरीनं कापून तराजूत तोलत होता, मागे बंद शटरवर सोन्याच्या पेढीचं नाव. एका मुलानं चौक धुवायला बादलीभर पाणी फरशीवर भिरकावलं. दिवसभर तापलेला दगड अजून कोमट होता, त्यातून वाफेचा, मातीचा वास उठला. शिक्षिका मैत्रिणीनं चपला काढल्या, साडी चिमटीत उचलून धरली आणि त्या पाण्यात जाऊन उभी राहिली. मग आम्हीही गेलो.